दुभाष्या आणि त्याचे सर

आमच्याकडं मुलींच्या आधी मशिनींची हजेरी व्हायची. वाचून हसू आलं तर हसा, पहिल्या दिवशी मीही तोंडाला पदर लावला होता. सर सकाळी यायचे, चपला दाराबाहेर काढायचे आणि मधल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरपुढं उभे राहायचे. बसायचे नाहीत, उभेच. मग एकेक नंबर टाइप करून मोठ्यानं विचारायचे, "एक नंबर, हाय का?" पडद्यावर उत्तराच्या ओळी उमटल्या की "हाय" म्हणायचे आणि पुढच्याला हाक. एखाद्याचं उत्तर आलं नाही की सरांचं तोंड उतरायचं.

"बाई, पाच नंबर आज आला न्हाय बगा."

"आला न्हाय म्हंजे? जाणार कुठं त्यो? टेबलावर तर बसलाय की," मी म्हणायची.

"टेबलावर असणं येगळं आन् हजर असणं येगळं. तुमच्या शेवटच्या बाकावरच्या पोरींना इचारा."

मग सर पाच नंबरच्या मागं वाकून वायर चाचपायचे, काहीतरी पुटपुटायचे, आणि पाच नंबर बोलता झाला की पुन्हा पहिल्यापासून हजेरी. मधूनच सुरू केलेली त्यांना चालत नसे. माझ्या टायपिंगच्या तासाची दहा मिनिटं त्यात जायची आणि मी चिडायची. माझा स्वभाव तसा तापटच. पण सरांशी भांडायला गेलं की भांडण जमायचंच नाही. ते मान हलवत सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "बरोबर हाय तुमचं. सहा नंबर, हाय का?"

ही गोष्ट निपाणीच्या कडेला असलेल्या एका छोट्या संस्थेतली. पुढं तंबाखूची वखार, मागं ओढा, मधे आमच्या दोन खोल्या. मी टायपिंग शिकवायची, सर कॉम्प्युटर. मुली आसपासच्या गावांतून यायच्या. कुणाची आई वखारीत तंबाखू निवडायची, कुणाची घरी विड्या वळायची. कामावरून आलेल्या आईच्या पदराला जो उग्र वास असतो तोच वास मुलींच्या दप्तरांना असायचा. सर बोरगावचे. त्यांचं बालपण त्याच वासात गेलेलं.

आता आमच्या दोन खोल्यांचं दुखणं सांगते, नाहीतर सर कळायचे नाहीत. जुन्या खोलीतली मशिनं एका काळ्या, गोल, जाड वायरीत ओवलेली होती. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, अशी. त्या वायरीच्या दोन्ही शेवटांना एकेक पितळी टोपण. नव्या खोलीत कुणा दात्यानं दिलेली नवी मशिनं, प्रत्येकाची आपली वेगळी निळी वायर, आणि सगळ्या वायरी भिंतीवरच्या एका डब्यात जाणाऱ्या. काळ्या वायरीचं टोक निळीच्या खाचेत बसायचं नाही आणि निळीचं काळीला. त्यामुळं इकडच्या खोलीतलं तिकडं काही जायचं नाही. मोठं मशीन, ज्यात परीक्षेच्या सरावाचं सगळं असायचं, ते नव्या खोलीत. जुन्या खोलीतल्या मुली बिचाऱ्या आपल्याच खोलीत कोंडलेल्या.

संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "जुनं भंगारात घाला. एवढ्या मशिनींवर भागवा." जुन्या मशिनींत बसतील अशी नवी कार्डं तोवर बाजारातून नाहीशीच झाली होती, त्यामुळं अध्यक्षांचं अगदीच चूक होतं असंही नाही.

सरांनी अडगळीतून एक डेस्कटॉप काढला, त्याची कूस उघडली, आणि पोटात दोन कार्डं शेजारी शेजारी बसवली. एकाला गोल तोंड, दुसऱ्याला चौकोनी. गोल तोंडाला काळी वायर लावली, चौकोनी तोंडाला निळी. मग दोन खोल्यांच्या मधल्या बोळात एक टेबल टाकून ते मशीन तिथं मांडलं आणि आठवडाभर त्याच्यापुढं उभं राहून त्याला कायकाय शिकवलं. एका सकाळी जुन्या खोलीतली एक मुलगी ओरडली, "सर, मोठं मशीन दिसायलंय!"

सर बोळातच उभे होते. त्यांनी त्या डेस्कटॉपवर हात ठेवला. "ह्यो आपल्या भागातला गडी," म्हणाले. "घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात दोन्ही. जुन्याचं नव्याला सांगतोय, नव्याचं जुन्याला. स्वतःचं काय सांगत न्हाय."

त्या दिवसापासून त्याचं नाव दुभाष्या. अध्यक्षांच्यासुद्धा शेवटी तेच नाव तोंडी बसलं. "तुमचा दुभाष्या काय म्हणतोय?" असं विचारायचे. सर गंभीरपणे सांगायचे, "बरा हाय. जरा तापतोय."

सरांच्या बाकीच्या तऱ्हा काय सांगू! शर्टाच्या खिशात लोक पेन ठेवतात, ह्यांच्या खिशात एक जादा पितळी टोपण. बोलता बोलता ते बाहेर काढायचं, बोटांत फिरवायचं, परत ठेवायचं. तंबाखूचं व्यसन नव्हतं, त्याऐवजी हे. मी एकदा विचारलं, "सर, त्या टोपणाचं एवढं काय कौतुक? नुसतं झाकणच न्हवं?"

"झाकण न्हाय बाई. ह्याच्या पोटात एवढासा रेझिस्टन्स असतोय. वायरीतनं आलेलं बोलणं शेवटाला येऊन ह्याच्यात जिरतंय. ह्यो नसला की तेच बोलणं आपटून माघारी फिरतंय, पुढनं येणाऱ्याला धडकतंय, आन् सगळी वायर मुकी हुती. एका टोकाचं टोपण गेलं तर मधल्या सगळ्यांची वाचा गेली म्हणून समजा."

"आवो पर मधल्यांनी काय घोडं मारलंय?"

"त्येच की," सर म्हणाले. "मधल्यांनी कधीच काय क्येलेलं नसतंय."

आणि त्यांचा पेला. पिशवीत एक स्टीलचा पेला कायम. कुठंही गेले, चहा आला, की आपला पेला काढून पुढं धरायचे. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाही तसंच. माझ्या सासूबाईंनी कपबशी आणली होती. सरांनी पेला पुढं केला. मला राग आला, मी बोलून गेले, "का वो सर? आमच्या कपाला काय झालंय?"

सर हसले. "कपाला काय न्हाय झालं. बाई, म्या कुणाची परीक्षा घेत न्हाय. कोण कपात देतंय, कोण देत न्हाय, कोण मागनं तो कप येगळा ठेवतंय, ह्ये बगायला लागलो तर चहा गोड लागंल व्हय? माझा पेला बरोबर असला की त्यो पेपरच नको." मग चहा संपवला, पेला आमच्याच मोरीत धुतला, फडक्यानं पुसून पिशवीत ठेवला.

बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. मालकाला सगळे अण्णा म्हणतात. पुढं दुकान, उंबरा ओलांडला की घर. घरात अण्णांची आई, तिला सगळी गल्ली अव्वा म्हणायची. कानडी माणसं, पण मराठी आमच्यासारखीच बोलायची. वायरीला डाख लावायची वेळ आली की सर तिथं जायचे आणि दुकानाच्या पायरीवर बसायचे. वर्षानुवर्षं पायरीच. आत या असं कुणी म्हटलं नव्हतं, येऊ नका असंही कुणी म्हटलं नव्हतं. अण्णांनी त्यांच्यासाठी सोल्डरिंग गनला लांब वायर जोडून घेतली होती. गन आतून पायरीपर्यंत यायची, सर पायरीवर बसून डाख लावायचे, अण्णांशी जुन्या रेडिओवर गप्पा मारायचे, आणि आपल्या पेल्यात चहा पिऊन उठायचे. दोघांची लई दोस्ती. मात्र ती दोस्ती उंबऱ्याच्या ह्या बाजूची.

मी म्हणायची, "सर, स्वतःची एक गन का न्हाय घेत?"

"घ्येतली तर हितं येऊ कशाला?"

आता ज्या दिवसासाठी हे सगळं सांगतेय त्या दिवसाकडं येते.

आमच्या संस्थेला परीक्षेचं केंद्र मिळायचं होतं. कॉम्प्युटरची सरकारी परीक्षा तोवर बेळगावला व्हायची. बेळगाव काय लांब आहे? पण ज्या घरातली मुलगी कधी एकटी एसटीत बसली नाही त्या घराला ते लांबच. दरवर्षी आमच्याकडं शिकलेल्या निम्म्या मुली परीक्षेलाच बसायच्या नाहीत. त्या वर्षी बोरगावची एक मुलगी होती, बोटं अशी चालायची की मी आपली बघत राहायची. तिचे वडील मला येऊन सांगून गेले, "बाई, निपाणीपतुर म्या सोडतो. बेळगावला पाठवायची न्हाय. तिच्या लग्नाचं बघायलोय." मुलगी मागं खाली मान घालून उभी होती.

केंद्र मिळायला तपासणी होती. ठरावीक मशिनं मोठ्या मशीनला जोडलेली पाहिजेत, तपासणी करणारे साहेब प्रत्येकावर बसून बघणार, एकसुद्धा कमी पडलं की केंद्र नाही. जुनी खोली धरली तरच आकडा भरत होता. म्हणजे सगळा भार त्या काळ्या वायरीवर आणि दुभाष्यावर.

अध्यक्षांनी विचारलं, "जमंल न्हवं?" सर म्हणाले, "न्हाय जमलं तर म्या दुसऱ्या दिवशी येणार न्हाय." मी त्यांना बाजूला घेऊन झापलं. नोकरी पणाला लावायला हा काय जुगार आहे? तेव्हा सरांनी मला त्यांच्या आक्काचं सांगितलं. थोरली बहीण, वर्गात पहिली. सातवीची परीक्षा दुसऱ्या गावात होती. वडिलांनी पाठवलं नाही. त्याच आठवड्यात तिच्या पुढ्यात विड्यांचं सूप आलं. सरांचं सगळं शिक्षण त्या सुपातून झालं.

"आक्का अजून म्हणती, मला गणित येत हुतं. येवढंच म्हणती, बाई. दुसरं काय म्हणत न्हाय." असं म्हणून त्यांनी खिशातलं टोपण काढलं, फिरवलं, परत ठेवलं.

तपासणी नेमकी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकादशीला ठरली. आणि त्याआधी खंडेनवमी. आमच्याकडं खंडेनवमीला माग, पाने, तराजू, मोटारी, सगळ्यांची पूजा होते. ज्याच्यावर पोट चालतं ते त्या दिवशी बसवायचं. मुलींनी हट्ट धरला, मशिनींची पूजा करायची. सर बौद्ध. दाराशी चपला काढून उभे राहिले. "तुम्ही करा. मला लावू नका. आन् दुभाष्याला हार घालू नका, त्याचा श्वास कोंडतोय," एवढंच म्हणाले.

आमच्या शिपाई मावशी म्हणजे कामाला वाघीण. चकाकणारी वस्तू त्यांना मळलेली खपायची नाही. त्यांनी काळ्या वायरीची दोन्ही टोपणं काढली, चिंचेनं घासली, सोन्यागत पिवळी केली आणि पूजेच्या ताटात मांडली. मुली सरांना म्हणाल्या, "सर, तुमच्या खिशातलं बी द्या की! त्येचं काय पाप?" सर हसले आणि दिलं. मला आजही ते हसू दिसतं. वर्षानुवर्षं सांभाळलेलं टोपण त्यांनी मुलींच्या ताटात ठेवलं, का तर मुलींना बरं वाटावं म्हणून.

दसऱ्याचा दिवस बौद्धांचाही मोठा. सर सकाळी बोरगावच्या विहारात जाऊन दुपारी तसेच पांढऱ्या कपड्यांत संस्थेत आले. मी खुर्च्या लावत होते. दुभाष्यापुढं उभे राहिले. "एक नंबर, हाय का?"

काहीच नाही. दोन नंबर नाही. तीन नाही. जुनी खोली सगळीच्या सगळी मुकी.

सर काळ्या वायरीच्या टोकाशी गेले, मग दुसऱ्या टोकाशी. मावशींना हाक मारली. मावशी पदराला हात पुसत आल्या. "पितळंची टोपणं व्हय? ती ताटात हुती. आज सकाळी फुलं-बिलं गोळा क्येली आन् सगळं निर्माल्य ओढ्यात सोडलं की." आणि बोलता बोलताच त्यांच्या ध्यानात आलं. मावशी तिथंच खाली बसल्या आणि कपाळ बडवून घ्यायला लागल्या. ओढ्याला त्या दिवसांत कमरेएवढं पाणी असतं.

मला त्यांच्यावर असा राग आला होता की बोलायची सोय नव्हती. सर मात्र त्यांच्याजवळ उकिडवे बसले. "रडू नगा मावशी. चांगली चकचकीत क्येलीसा न्हवं? बेडकांना दिवाळीपतुर पुरतील."

असं बोलले आणि उठून आपला डबा काढला.

रेझिस्टन्सचे सुटे तुकडे त्यांच्या डब्यात होते. जुन्या वायरीच्या तुकड्यांची पितळी टोकंही होती. दोन्ही एकत्र आणून तार पिळून बसवली. वायर क्षणभर बोलली, तीन नंबरपर्यंत "हाय, हाय" झालं, आणि परत गप. पिळून भागणार नव्हतं, डाख पाहिजे होता. गावातली दुकानं बंद, कारागीर आपापल्या गावी. सरांनी तुकडे पिशवीत टाकले. मी म्हटलं, "थांबा, मी बी येते."

अण्णांच्या दुकानाचं दार उघडं होतं. पण दुकानात काम चाललेलं नव्हतं. मधल्या खोलीत पाटावर सगळी हत्यारं मांडलेली, पक्कड, पेचकस, मीटर, आणि मधोमध ती सोल्डरिंग गन, मुठीवर कुंकवाचं बोट. अव्वा शेजारी जपमाळ घेऊन बसलेली. सर नेहमीच्या पायरीवर टेकले आणि झालं ते सांगितलं.

अण्णांचा चेहरा पडला. "मास्तर, आमच्यात दसऱ्याला उठत न्हाईत हत्यारं. एकादशी सरली की बारशीला उठत्यात."

"उद्या सकाळी साहेब येणार, अण्णा."

"म्हाइत हाय. तुमच्यासाठी दुसरं काय बी मागा." अण्णांनी हात जोडले. "माझ्या बानं एकदा आधी उचलली, कुणाची तरी नड म्हणून. त्याच सालात बा गेला. म्या हात लावणार न्हाय, मास्तर. मला माफ करा."

सरांनी वाद घातला नाही. ते वाद घालू शकले असते. असल्या समजुतींवर त्यांनी मुलींना तास तास समजावलेलं मी ऐकलं होतं. पण एका माणसाचा बाप त्यात गेलाय म्हटल्यावर ते नुसते "बरं" म्हणाले आणि पिशवी उचलून उठले. मला त्या बोरगावच्या पोरीची खाली घातलेली मान दिसायला लागली. खरं सांगते, मला रडू आलं होतं.

तेवढ्यात आतून अव्वाचा आवाज आला.

"ह्यो मास्तर आपल्यातला न्हाय न्हवं?"

माझं रक्त उसळलं. अण्णांनी मान खाली घातली. सर पायरीवरच थबकले, पाठमोरे. गल्लीत कुठंतरी पोरं आपट्याची पानं घेऊन धावत होती, तेवढाच आवाज. मी म्हातारीला काय बोलले असते देव जाणे.

अव्वा पुढं म्हणाली, "मग त्याला कुठं बंधन हाय? आमी न्हाय उचलू शकत. त्यो उचलंल." आणि सरळ सरांकडं बघून म्हणाली, "वळग बर्री, मास्तर."

आत या. दुसऱ्या कुणाला म्हटलं असतं तर रोजचेच दोन शब्द. सर वळले. उंबऱ्याकडं बघत उभे राहिले. कितीतरी वर्षं त्या उंबऱ्याच्या अलीकडं त्यांनी डाख लावले होते.

"अव्वा, म्या नमस्कार करणार न्हाय," सर म्हणाले.

"गन पायजे का नमस्कार करायचाय?" अव्वा म्हणाली.

सरांनी चपला काढल्या आणि आत गेले. पांढरे कपडे, हातात ती पिशवी. पाटापुढं वाकले, हत्यारांमधून गन उचलली. हात जोडले नाहीत आणि म्हातारीनं तशी वाटही बघितली नाही. "हे कुंकू पुसू का?" सरांनी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. तापलं की आपसूक जाईल."

अव्वानं स्वतःच्या अंगाखालचं बसकर काढून त्यांना दिलं. सर बसले. गन तापली, कुंकवाचा आणि राळेचा धूर एकत्र झाला. घरात तो वेगळाच वास भरला, अजून कधीतरी आठवतो. अण्णा पायरीवर, दाराबाहेर, जाऊन बसले होते. हत्यार चालताना बघायचंही नव्हतं त्यांना. म्हणजे आज मालक पायरीवर आणि मास्तर घरात! मला त्या तसल्या वेळीसुद्धा हसू फुटलं. मी म्हटलं, "अण्णा, बरं वाटतंय का तिथं?" अण्णा म्हणाले, "दगड लई टोचतोय वो बाई. मास्तर कसं बसत हुतं एवढी वर्षं?"

दोन टोपणं झाली. ओबडधोबड, वेडीवाकडी. अव्वानं चहा आणला, घरातल्या कपबशीत. माझी नजर सरांच्या पिशवीकडं गेली. पेला पिशवीतच राहिला. सरांनी कप दोन्ही हातांनी धरला आणि मान खाली घालून चहा प्यायले, अगदी सावकाश. वर बघितलं तेव्हा डोळे लाल होते. धूर गेला असेल, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. पण मला माहीत होतं, धूर नव्हता.

उठताना त्यांनी विचारलं, "अव्वा, गन परत पाटावर ठेवू?"

"नगं. भायेरच असू दे, त्या स्टुलावर," अव्वा म्हणाली. "परत लागली तर?"

दुसऱ्या दिवशी साहेब आले. एकेका मशीनवर बसले. बोळात येऊन दुभाष्याकडं बोट दाखवून विचारलं, "इदेन्री?" हे काय आहे हो? सरांनी कानडीत सगळं समजावलं, हात हलवून हलवून. साहेबांना किती कळलं कोण जाणे. पण सगळी मशिनं हजर होती. केंद्र मिळालं. त्या वर्षी आमची एकही मुलगी मागं राहिली नाही. बोरगावची ती मुलगी पास झाली, आता बेळगावात एका मोठ्या ऑफिसात आहे, स्वतःची स्कूटर चालवते. निकालाच्या दिवशी सरांची आक्का आमच्याकडं आली होती. परीक्षेची खोली बघायची म्हणाली. एका रिकाम्या खुर्चीवर जरा वेळ बसली आणि उठली.

पुढं सगळंच बदललं. जुनी मशिनं गेली, काळी वायर गेली. बिनवायरीचं आलं आणि दुभाष्याला काही काम उरलं नाही. भंगारवाला आला त्या दिवशी सरांनी सगळ्यांची हजेरी घेतली, मग एकेक बंद केलं. दुभाष्या शेवटी. त्याच्या पोटातली दोन कार्डं काढून घेतली आणि घरी नेली. निवृत्त झाल्यावर कधीमधी अण्णांच्या दुकानात दिसायचे. आत बसलेले. पेला शेवटपर्यंत पिशवीत असायचा म्हणे, पण अण्णांच्या घरी तो कधी बाहेर निघाला नाही.

सर गेले ती बातमी मला उशिरा कळली. बोरगावला जाऊन आले. आक्का दारातच बसली होती. माझा हात धरून म्हणाली, "सकाळी उठला की अजून नंबर मोजायचा वो, बाई. हाय का, हाय का, म्हणत." मी तिच्याजवळ बसून मनसोक्त रडले. लाज कसली?

यंदा खंडेनवमीला माझा मोबाइल बिघडला, म्हणून अण्णांकडं गेले. आता तिथं रेडिओ नाहीत, नुसते मोबाइल. अव्वाला जाऊन बरीच वर्षं झाली. अण्णांच्या डोक्याचे केस पांढरे झालेत. मधल्या खोलीत पाटावर सगळी हत्यारं मांडलेली, बारीक पेचकस, चिमटे, भिंग, गरम हवेचं ते नवं यंत्रसुद्धा, सगळ्यांवर हळदकुंकू, झेंडूची फुलं. मोबाइल आता बारशीलाच, हे न विचारताच कळलं.

जायला वळले आणि पाटाच्या अलीकडं ते जुनं स्टूल दिसलं. स्टुलावर ती गन. ना हळद, ना कुंकू. पुसून स्वच्छ, वायर गुंडाळलेली.

"अण्णा, ही का बाजूला?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"अव्वा सांगून गेलीय," अण्णा म्हणाले. "पूजेत कदी बसवायची न्हाय. मास्तर येतील, त्यास्नी लागंल."